जाळी धड, तरी कोंबडी गायब: नागपूरच्या काळ्या मातीत खुराड्याचं कुंपण दरवर्षी का फसतं

लक्षण असं: जाळी कुठेही फाटलेली दिसत नाही, दाराला कडी लावलेली असते, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी एक कोंबडी कमी होते. नाहीतर सकाळी जाळीपाशी मान तुटलेली सापडते. गेल्या वर्षी पूर्ण जाळी बदलून घेतली, तरी यंदा पुन्हा तेच. बेसा, मानेवाडा, उमरेड रोड, कामठीकडच्या मोकळ्या प्लॉटांवर हा त्रास मुख्यतः दोन वेळा होतो, एकदा एप्रिल-मे महिन्यात आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये. या दोन वेळा काही योगायोगाने येत नाहीत. उन्हाळ्यात काळी कन्हार जमीन तडकते आणि पावसात फुगते. जाळी जागच्या जागी असते, तिच्या खालची जमीन हलते. म्हणून नवी जाळी आणण्याआधी जुनी जाळी खालून तपासा.

आधी कोण येतं ते ओळखा

प्रत्येक जनावराचा रस्ता वेगळा, त्यामुळे उपायही वेगळा. कोंबडी कधी गेली आणि मागे काय उरलं, एवढ्यावरून बरंच कळतं.

मुंगूस दिवसा येतो. हे लक्षात न आल्यामुळे पुष्कळ जण रात्रभर बल्ब जाळतात आणि कोंबडी मात्र दुपारी तीन वाजता जाते. मानेला किंवा डोक्यामागे चावा, अंडी फोडून खाल्लेली, एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या मेलेल्या पण पूर्ण खाल्लेल्या नाहीत, असं दिसलं तर मुंगूस समजा. तो वरून क्वचितच येतो. पायथ्याशी, दाराखाली किंवा भेगेतूनच शिरतो.

घूस आणि मोठे उंदीर रात्रीचे. आवारात ताज्या मातीचा ढीग, शेजारी मुठीएवढं बीळ, पिल्लं एकेक करून नाहीशी, खाद्याच्या पोत्याला भोक. मोठ्या कोंबडीच्या वाट्याला घूस सहसा जात नाही. पण तिने केलेलं भुयार पुढे मुंगूस आणि साप आयतं वापरतात. घुशीकडे दुर्लक्ष करायचं नाही ते यासाठी.

रानमांजर, बोका किंवा उदमांजर असेल तर एकच कोंबडी जाते आणि पिसांची रेघ कुंपणापर्यंत दिसते. यांना चढता येतं. छत उघडं असेल तर पायथा कितीही मजबूत करा, उपयोग नाही.

भटकी कुत्री आली की जाळीच सांगते: बाहेरून आत दबलेली, पीळ उलगडलेले, खांब वाकलेला. आत पाच-सात कोंबड्या मेलेल्या आणि खाल्लेली एकही नाही.

अंडं गायब आणि टरफलाचा पत्ता नाही, तर बहुधा साप. पिल्लू भरदिवसा उचललं गेलं, तर घार, शिक्रा किंवा कावळा.

आणखी एक प्रकार लोकांना चक्रावून टाकतो. कोंबडी आतच मेलेली, पण डोकं किंवा पाय नाही. आत कोणी आलेलंच नसतं. कोंबडी जाळीला टेकून बसली होती आणि बाहेरून मांजराने पंजा घालून जे हाती लागलं ते ओढलं. एक इंची जाळीतून पंजा आरामात जातो. इथे जाळीपेक्षा बसायच्या दांड्याची जागा बदला. दांडा जाळीपासून निदान दीड फूट आत हवा.

शंका असेल तर संध्याकाळी कुंपणाच्या बाहेरून चार बोटं रुंद राखेचा किंवा रांगोळीचा पट्टा चाळणीने टाका. सकाळी ठसे मोजा. मुंगुसासाठी हाच पट्टा सकाळी टाकून संध्याकाळी बघा. ठसे जिथे जाळीला भिडतात, काम तिथूनच सुरू करायचं.

जमीन जाळीला कशी दगा देते

काळी माती सुकली की आकसते. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या फूट-दोन फूट सहज खाली जातात. कुंपणाची रेघ आडवी छेदून एक भेग गेली तरी मुंगुसाला तेवढा रस्ता पुरतो. पाऊस पडला की भेग मिटते, पुरावाही मिटतो आणि आपण म्हणतो, जाळी तर चांगली आहे.

पुष्कळ ठिकाणी गवंडी जाळी फूटभर उभी गाडून देतो. हिंगणा किंवा कळमेश्वरकडच्या मुरमाड, बरडी जमिनीत हे चालतं, कारण तो मुरूम जाळीला घट्ट धरतो. कन्हारीत हीच पद्धत उलटते. उन्हाळ्यात माती गाडलेल्या जाळीपासूनच सुटते आणि जाळीला लागून सरळ खाली जाणारी चीर तयार होते. खणणाऱ्याचं अर्धं काम आपणच करून ठेवतो. पावसाळ्यात तीच माती फुगून जाळी आणि खांब दोन्ही वर ढकलते. तळाशी दोन इंचांची फट राहते ती अशी.

म्हणून काळ्या मातीत जाळी खाली नेऊ नका, बाहेरच्या बाजूला आडवी पसरा. पायथ्याशी झालर लावल्यासारखी.

झालर कशी लावायची

खणणारं जनावर भिंतीच्या अगदी मुळाशी खणतं. खाली जाळी लागली की दोन पावलं सरकून पुन्हा प्रयत्न करतं, पण दोन-अडीच फूट मागे जाऊन तिथून भुयार काढण्याची अक्कल मुंगूस किंवा कुत्रं सहसा दाखवत नाही. झालर बाहेर हवी ती त्यामुळे. आत टाकलेली झालर फक्त कोंबड्यांना उकरण्यापासून थांबवते.

साहित्य: ३ फूट रुंदीची, अर्धा इंच बाय अर्धा इंच चौकटीची वेल्डमेश, म्हणजे तारा जिथे छेदतात तिथे वेल्ड केलेली जाळी. षटकोनी कोंबडी-जाळी झालरीला वापरता येते, पण बारीक तार ओल्या मातीत दोन-तीन पावसाळ्यांतच गळते आणि ती मातीखाली असल्यामुळे कळतही नाही.

कुंपणाबाहेर तीन फूट जागा गवत काढून साफ करा. भेगांमध्ये कोरडी वाळू ओता आणि सळईने हलवून खाली उतरवा. काळ्या मातीची ढेकळं भरू नका. ती पुन्हा आकसतात आणि भेग जागच्या जागी उघडते. वाळू मात्र भेग रुंदावली तरी घरंगळून खाली भरत राहते. वर दोन-तीन इंच मुरूम टाकून पाणी मारा आणि धुमसाने (माती दाबायच्या जड ठोकळ्याने) ठोका.

आता जाळी काटकोनात वाकवा: सहा ते आठ इंच भिंतीवर चढती, उरलेली सव्वादोन ते अडीच फूट बाहेर. वाकवलेल्या जागी जाळी ताणून बसवू नका, दोन बोटांची ढिली घडी राहू द्या. पावसाळ्यात जमीन वर आली की ही घडी उलगडते आणि गाठी तुटत नाहीत. सगळ्या कामात सर्वांत जास्त विसरली जाते ती हीच घडी.

चढती बाजू भिंतीच्या जाळीला दर चार इंचांवर बांधा. बाहेरची कड ६ मिमी सळईच्या यू आकाराच्या खुंट्यांनी, फूटभर लांब पाय ठेवून, दर दीड फुटावर ठोका. उन्हाळ्यात माती सैल झाली की या खुंट्या हातानेही निघतात. तेव्हा कडेवर विटा, फरशीचे तुकडे किंवा दगड यांची ओळ लावाच. सगळ्यावर तीन इंच मुरूम किंवा २० मिमी गिट्टी पसरा.

कोपरा हमखास राहून जातो. दोन बाजूंच्या झालरी कोपऱ्यावर नुसत्या भेटल्या तर मध्ये अडीच फुटांचा चौकोन उघडा पडतो. म्हणून लांब बाजूची झालर दोन्ही टोकांना अडीच फूट पुढे न्या.

कोणती जाळी कुठे

षटकोनी कोंबडी-जाळीचं मूळ काम कोंबडीला आत ठेवणं. कुत्र्याला बाहेर ठेवण्यासाठी ती बनलेलीच नाही. पिळाच्या गाठीवर जोर आला की पीळ उलगडतो आणि एक घर सुटलं की शेजारची घरंही सैल होतात. म्हणून खालचे ३ फूट अर्धा इंची वेल्डमेश आणि वर षटकोनी, अशी जोडणी करा. खर्च वाढतो, पण सगळीकडे वेल्डमेश लावण्याइतका नाही.

चेनलिंक, म्हणजे प्लॉटच्या कंपाउंडची २ इंची जाळी, कुत्र्यांना आणि डुकरांना ठीक. पण २ इंची चौकटीतून मुंगूस निघू शकतो, घूस निघते आणि कोंबडीची पिल्लं तर बाहेर फिरून परत येतात. आधीच चेनलिंक असेल तर ती काढू नका, तिच्याच आतून ३ फूट वेल्डमेश शिवा.

गेजचा आकडा उलटा चालतो हे दुकानात विसरू नका: आकडा मोठा, तार बारीक. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७ आणि २४ म्हणजे जेमतेम ०.५५ मिमी. चिठ्ठीवर २० लिहून हातात २४ येणं काही नवल नाही. मोजायला व्हर्नियर नको. तार पेन्सिलीभोवती अंतर न सोडता दहा वेढे गुंडाळा आणि रुंदी पट्टीने मोजा. ९ मिमी भरली तर २० गेज, ७ भरली तर २२, साडेपाच भरली तर २४. भोकाचा अंदाज दहाच्या नाण्यावरून येतो. त्याचा व्यास २७ मिमी, तेव्हा ते जाळीतून पलीकडे पडलं तर ती जाळी एक इंची नाही.

जस्ताचा मुलामा विणण्याआधी दिलाय की नंतर, हेही विचारा. नंतर दिलेला असेल तर पिळाच्या आतपर्यंत जस्त भरलेलं दिसतं, जाळी थोडी मळकट आणि कडक लागते. आधीच्या प्रकारात पिळताना मुलामा तडकतो आणि गंज पहिल्यांदा पिळावरच दिसतो. इतवारीत लोहा ओळीकडे चक्कर मारली तर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. नुसत्या चकाकीवर भाळू नका.

कूलरच्या जुन्या ताट्यांची जाळी खुराड्याला लावायची हौस नागपुरात पुष्कळांना आहे. चार उन्हाळे पाणी पिऊन ती आधीच संपलेली असते. पिल्लांना दुपारी सावलीत ठेवायच्या टोपलीवर झाकण म्हणून ठीक, कुंपणाला नको.

खालचे सहा इंच सगळ्यांत आधी गंजतात, कारण ओली विष्ठा. तिच्यातला अमोनिया आणि ओल मिळून जस्त खातात. आतून एका विटेचा कट्टा घाला, म्हणजे धानाचा तूस आणि विष्ठा जाळीला टेकणार नाही. कट्ट्याचं सिमेंट ओलं असताना त्यात जाळी दाबू नका, ताजं सिमेंटही जस्ताला खातं. आधी कट्टा सुकू द्या, मग जाळी त्याच्या बाहेरून बांधा.

ताण, शिवण आणि खांब

षटकोनी जाळी जोरात ओढली की घरं लांबतात आणि रुंदी कमी होते. ४ फुटी जाळी लांबीवर नेटाने ताणली तर दोन-तीन इंच सहज आखडते आणि तेवढीच तळाशी किंवा जोडावर फट पडते. जाळी ताणायचीच नसते. ताण द्यायचा तो आडव्या तारांना: वर, मध्ये आणि तळाशी १२ गेजच्या तीन तारा ओढा आणि जाळी त्यांना टांगा.

दोन जाळ्यांचा जोड निदान चार ते सहा इंच एकमेकांवर घ्या आणि शिवा. शिवणे म्हणजे एक लांब तार घराघरांतून टाके घातल्यासारखी ओवणे. फुटाफुटावर मारलेल्या सुट्या गाठींच्या मध्ये जाळी फुगते आणि मुंगूस नेमका त्या फुगवट्यात नाक घालतो. सेंट्रिंगची काळी बाइंडिंग तार वापरू नका. एका पावसाळ्यात ती भुगा होते, मग जाळी धड असते आणि कुंपण सुटलेलं असतं. १८ गेजची जस्ताची तार घ्या.

खांबाचा खड्डा दोन फूट, तळाशी थोडा रुंद, खाली चार इंच वाळू किंवा मुरूम. काँक्रीटचा माथा जमिनीशी उतरता ठेवा म्हणजे पाणी खांबाच्या मुळाशी थांबत नाही. एवढं करूनही काळ्या मातीत खांब थोडा हलणारच. हलू द्या, झालरीची ढिली घडी तेवढ्यासाठीच आहे.

दार

अर्धे अपराध इथले. दाराखाली माती असेल तर कोंबड्या तिथेच उकरतात आणि महिन्याभरात दोन बोटांची फट तयार होते. उंबरठा पक्का हवा: वीट-सिमेंटचा किंवा शहाबादी फरशीचा, दारापेक्षा दोन्ही बाजूंना चार इंच लांब. दार बंद असताना चारही कडांना करंगळी जाऊ नये. उंबरठ्यापुढेही झालर हवी. ये-जा असते म्हणून तिथे मुरमाऐवजी फरशी टाका.

कडी एकच असेल तर कुत्रं धक्का मारून खालचा कोपरा वाकवतं. वर एक, खाली एक अशा दोन कड्या लावा.

छत आणि साप, थोडक्यात

छताला एक इंची षटकोनी जाळी पुरते. नायलॉनची पक्षी-जाळी टाळा. बोका ती दातांनी तोडतो आणि साप तिच्यात अडकून मरतात. ग्रीन नेट फक्त सावलीसाठी, तिला कुंपण समजू नका. उन्हाळ्यात बाजू पत्र्याने बंद करायचा मोह आवरा. पंचेचाळीस अंशांत आतल्या कोंबड्या मुंगुसाआधी उन्हानेच जातील.

अर्धा इंची वेल्डमेश मोठ्या सापाला थांबवते, सापाचं लहान पिल्लू निघून जातं. जाळीत अडकलेला साप ओढू नका, सर्पमित्राला बोलवा. जखमी मुंगूस किंवा रानमांजर सापडलं तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे आणि सेमिनरी हिल्सवर वन्यजीवांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. मुंगूस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. फासे, विष, पिंजरा लावून मारणं हा गुन्हा. आणि जाळीत घरची वीज सोडायचा विचार कोणी सुचवला तर तिथेच थांबवा, दरवर्षी त्यात माणसं मरतात.

काटोल-उमरेडकडून विचारणा येते ती रोही (नीलगाय) आणि रानडुकरांची. त्यांच्यापुढे कोंबडी-जाळी म्हणजे कागद. तो विषय वेगळा, सौर झटका कुंपणाचा.

१० × ६ फूट आवार, ६ फूट उंची: किती सामान

परीघ ३२ फूट. भिंतीला खालून ३ फुटी वेल्डमेश ३२ फूट आणि झालरीला कोपऱ्यांसकट ४२ फूट, मिळून ७४ फूट. वर ४ फुटी षटकोनी जाळी: भिंतीला ३२ फूट. जोडात सहा इंच गेले तरी सहा इंच छतावर दुमडायला उरते. छताला ४ फुटी दोन पट्टे, प्रत्येकी ११ फूट. एकूण ५४ फूट, म्हणजे ५० फुटांची एक गुंडाळी चार फुटांनी कमी पडते. हे दुकानातच लक्षात आलेलं बरं.

खांब आठ: चार कोपरे, दोन लांब बाजूंच्या मध्यावर, दोन दाराचे. २५ × २५ × ३ मिमी अँगल, प्रत्येकी ८ फूट, सहा वर आणि दोन खाली. अँगल २० फुटी मिळतो. एकातून ८ फुटांचे दोन निघतात आणि ४ फूट उरतो. चार अँगल घेतले की उरलेल्या चार तुकड्यांपैकी तिनांत २ × ४ फुटांच्या दाराची चौकट होते. वेल्डिंगवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो चौकटीसाठी पाचवा अँगल आणायला लावतो.

वर्षातून तीनदा तपासा

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भेगा वाळूने भरा आणि खुंट्या ठोका. मृग लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की खांब आणि झालरीची घडी बघा, तुटलेल्या गाठी नव्याने बांधा. पोळा झाल्यावर गवत काढा आणि खालच्या सहा इंचांचा गंज तपासा: पक्कड लावून तार दोनदा वाकवा, तुटली तर तो तुकडा बदला. रात्री आत टॉर्च जमिनीवर ठेवून बाहेरून एक फेरी मारा. जिथे जमिनीलगत उजेडाची रेघ सलग दिसते, तिथे फट आहे.

फट बुजवण्याआधी जनावर आत नाही याची खात्री करून घ्या. मुंगूस रात्री आवारात नसतो, त्यामुळे त्याची वाट अंधार पडल्यावर बंद करा. घुशीचं उलट, ती दिवसा बिळात असते. आवारातल्या बिळाच्या तोंडात संध्याकाळी वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबा. सकाळी तो बाहेर ढकललेला असेल तर बीळ चालू आहे, खाद्य रात्री उचलून ठेवा आणि बोळा पुन्हा लावा. सलग दोन रात्री बोळा जागचा हलला नाही, की बिळात गिट्टी भरून धुमस मारा.